मोटरहोममधून रोडिओ बघायचाय? मग शनिवारी नको, बुधवारी पोहोचा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं एक जोडपं, वय ६१ आणि ६६, जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला मुलाकडे येणार आहे. मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन आउटबॅकमधल्या, म्हणजे इथल्या आतल्या ओसाड मुलखातल्या, एखाद्या लहानशा गावचा रोडिओ (उधळणाऱ्या घोड्या-वळूंवर बसायचा खेळ) आणि घोड्यांच्या शर्यती बघायच्या आहेत. बर्ड्सव्हिलचं नाव त्यांनी ऐकलंय. काकू शाकाहारी, काकांचे गुडघे कुरकुरणारे. आणि शेवटी एक ओळ: "तिथे जनावरांचे हाल होतात का? तसं असेल तर आम्हाला नको."

माझं उत्तर: बर्ड्सव्हिल सोडा, लॉराला जा.

मी मूळची सांगलीजवळची. टाउन्सव्हिलला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाले आणि गेली अकरा वर्षं मी आणि आमचे हे दर हिवाळ्यात सात मीटरची मोटरहोम घेऊन क्वीन्सलँड राज्याच्या आतल्या भागात हिंडतो. इकडचा हिवाळा म्हणजे मे ते सप्टेंबर. पाऊस नाही, ऊन सोसवतं, आणि गावोगावच्या जत्रा याच दिवसांत. हो, मी जत्राच म्हणते. रोडिओ हा शब्द ऐकून लोकांना सिनेमा आठवतो. प्रत्यक्षात ती आपल्या गावच्या उरुसाच्या जवळची गोष्ट आहे.

आधी बर्ड्सव्हिल का नाही ते सांगते. शर्यती सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवार-शनिवारी असतात, म्हणजे तुम्ही तेव्हा परतीच्या विमानात. तिथे मोठा मान घोड्यांच्या शर्यतींचा; तुम्हाला हवा तो वळूंचा रोडिओ त्या दोन दिवसांचा भाग नाही. पण खरं कारण रस्ता आहे. सिम्प्सन वाळवंटाच्या कडेला वसलेलं, २०२१ च्या जनगणनेत ११० माणसांचं ते गाव. १८८२ पासून तिथे शर्यती होतात आणि त्या दोन दिवसांत हजारो लोक उतरतात. तिकडच्या वाटांवर कच्चे पट्टे लागतात. पन्हळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं. कपाटांचे खिळे ढिले होतात, गॅसची नळी हलते. भाड्याच्या मोटरहोमच्या करारात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं की डांबर सोडून गेलात तर विमा संपला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ते कलम वाचलं नव्हतं. काच आणि दोन टायर, सगळं खिशातून. त्यात त्या ठिकाणी पावसाचाही भरवसा नाही: २०१० साली सप्टेंबरात पाऊस पडला आणि शर्यतीच रद्द झाल्या. हजारो लोक चिखलात बसून राहिले.

आता लॉरा. केर्न्सपासून उत्तरेला साधारण ३१० किलोमीटर, केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पायथ्याशी. पक्के आउटबॅकवाले म्हणतील की हे आउटबॅक नव्हे, हे 'केप' आहे. म्हणू द्या. सव्वाशे-दीडशे वस्तीचं गाव, एक पब, एक दुकान, आंब्याची झाडं, आणि महत्त्वाचं म्हणजे गावापर्यंत डांबर. १८७३ मध्ये पामर नदीवर सोनं सापडलं, त्या धामधुमीतून हा मुलूख उघडला. कुकटाउनहून निघालेली रेल्वे १८८८ मध्ये इथवर आली, पुढे गेलीच नाही, आणि १९६१ मध्ये बंद पडली. शर्यती मात्र १८९७ पासूनच्या आहेत असं इथले लोक अभिमानाने सांगतात. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला एका आठवडाअखेरीस शर्यती, रोडिओ आणि कॅम्पड्राफ्ट (घोड्यावरून गुरं वळवायचा खेळ) असं सगळं एका मैदानावर होतं. नेमकी तारीख आयोजकांकडून नक्की करा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.

विमान म्हणाले, कारण ब्रिस्बेनहून मोटरहोम हाकत केर्न्स गाठणं म्हणजे १,७०० किलोमीटर. ते करू नका. विमानाने केर्न्सला या, तिथून गाडी घ्या. गाडी साडेचार टनांच्या आतली असली की साधा कारचा परवाना चालतो, आणि इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे निम्मी भीती तिथेच संपते. पहिल्या दिवशी कुरांडाचा घाट चढून फक्त मरीबापर्यंत जा. तिथे किराणा, पाणी, डिझेल भरून घ्या, रात्री गाडीत झोपून बघा. कुठला दिवा कुठल्या बटणाने लागतो, पाण्याचा पंप का घरघरतोय, हे सगळं मोठ्या गावात कळलेलं बरं. दुसऱ्या दिवशी माउंट मलॉय, लेकलँड करत दुपारी लॉरा. संध्याकाळी पाचनंतर चाक फिरवायचं नाही. कांगारू आणि भटकी गुरं त्याच वेळी रस्त्यावर येतात. समोरून रोड ट्रेन दिसली तर वेग कमी करून डावीकडे सरकून घ्या. तीन-तीन ट्रेलर ओढणारा तो राक्षस तुमच्यासाठी थांबू शकत नाही, तेव्हा मान त्याचाच.

आता माझा मुख्य मुद्दा. शर्यती शनिवारी असल्या तर तुम्ही बुधवारी पोहोचा.

बहुतेक पाहुणे शुक्रवारी रात्री येतात, गर्दीत कुठेतरी गाडी कोंबतात, शनिवारी फोटो काढतात, रविवारी सकाळी निघतात, आणि मग म्हणतात, "धूळ फार होती." खरी गंमत आधीच्या दोन दिवसांत असते. बुधवारी मैदान जवळजवळ रिकामं असतं. गुरुवारपासून ट्रक येऊ लागतात. घोडे उतरतात, गुरं उतरतात, दोनशे किलोमीटरवरच्या स्टेशनवरून आलेल्या बायका तंबू ठोकतात आणि एकमेकींना मिठ्या मारतात. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे हं. इकडे गुरांच्या अवाढव्य मळ्याला स्टेशन म्हणतात. काही स्टेशनं आपल्या एखाद्या तालुक्याहून मोठी असतात, आणि त्यावर राहणारी मुलं शाळेतल्या मित्रांना फक्त पडद्यावर भेटलेली असतात. वर्षातून एकदोनदा ही सगळी माणसं एका ठिकाणी येतात. लग्नं इथे ठरतात, जुनी भांडणं इथे मिटतात किंवा नव्याने सुरू होतात. हा मेळा त्यांचा आहे, आपल्यासाठी मांडलेला खेळ नाही. एवढं मनात ठेवलंत की बाकीचं आपोआप जमतं.

बुधवारी आलात की जागा निवडता येते. मैदानाची एक फेरी पायी मारा. ट्रक कुठून वळतात ते टायरांच्या खुणांवरून कळतं; तिथून लांब राहा, नाहीतर तीन दिवस धुरळा खाल. वारा बहुधा आग्नेयेकडून असतो, तेव्हा गाडीचं दार वायव्येला ठेवा. घोडे बांधायच्या बाजूला जाऊ नका, ती त्यांच्या मालकांची जागा. बारच्या जवळ तर नकोच. रात्री एक वाजता तिथे गाणी सुरू असतात. काकांचे गुडघे लक्षात घेऊन सांगते, संडासापासून फार लांब नको आणि फार जवळही नको. घडीच्या दोन खुर्च्या पाठ असलेल्याच घ्या. तिथल्या पत्र्याच्या पायऱ्यांवर काका तासभरसुद्धा बसू शकणार नाहीत. कठड्यालगत आपली खुर्ची टाकून बसणारे पुष्कळ असतात.

पाणी नव्वद-शंभर लिटर असतं गाडीत. दोघांना तीन-चार दिवस पुरतं, मात्र अंघोळ मैदानातल्या न्हाणीघरात करायची. पुष्कळ ठिकाणी पाणी लाकडं जाळून तापवतात आणि त्या बंबाला 'डाँकी' म्हणतात. आपल्या तांब्याच्या बंबाचा थोरला भाऊच तो. पहिल्या वर्षी कोणीतरी मला म्हणालं, "डाँकी पेटवलाय, जा," तेव्हा मी घाबरूनच गेले होते.

स्वयंपाकाचं काकूंनी अजिबात मनावर घेऊ नये. मैदानावर मिळतं ते म्हणजे स्टेक सँडविच, सॉसेज, बटाट्याचे चिप्स. चिप्सवर तीन दिवस निघत नाहीत. आम्ही तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, कांदे-बटाटे आणि भरपूर भडंग घेऊन जातो. सगळं इथेच घ्या. भारतातून आणलंत तर विमानतळाच्या फॉर्मवर एकूण एक खाद्यपदार्थ लिहा, लपवाछपवी अंगाशी येते. कुकर जरूर न्या, पण पहिल्या शिट्टीआधी शेजाऱ्याला सांगून ठेवा. एकदा आमच्या कुकरने शिट्टी मारली आणि पलीकडच्या गाडीतला आजोबा टायर फुटला असं समजून गाडीखाली वाकून बघायला लागला. त्याला वाटीभर खिचडी दिली. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला, सोबत तीन वाट्या. भडंगाचं तर काय सांगू, बिअरसोबत त्यांना दुसरं काही सुचत नाही.

आता प्रत्यक्ष बघायचं काय.

माझं मत विचाराल तर रोडिओपेक्षा कॅम्पड्राफ्ट बघा. हा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा खेळ. पहिली नोंदलेली स्पर्धा १८८५ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या टेंटरफील्डला झाली. सकाळी सुरू होतो, तिकिटाची रांग नसते, आणि बघायला बहुतेक गावचेच लोक असतात. आठ-दहा गुरांच्या कळपात घोडेस्वार शिरतो, त्यातलं एक जनावर हेरतो आणि त्याला कळपापासून अलग काढतो. ते परत कळपात घुसू पाहतं, घोडा आडवा येतो. इथे स्वार काहीच करत नाही असं वाटतं. घोडाच त्या जनावराच्या डोळ्यांत बघून त्याच्याआधी वळतो. मग फाटक उघडतं आणि ते जनावर मोकळ्या मैदानात भरधाव सुटतं. घोड्याने त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याला दोन खुंटांभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचं आणि शेवटी दोन खुंटांमधल्या फाटकातून काढायचं. वेळ ४० सेकंद. गुणांची विभागणी बघा: कळपातून काढण्याला २६, मैदानातल्या घोड्याच्या कामाला ७०, आणि रस्ता पुरा केल्याचे फक्त ४. म्हणजे काय केलं याहून कसं केलं याला मोल. ताबा सुटला की पंच आसूड कडाडवतो आणि स्वार मुकाट बाहेर पडतो. नऊ वर्षांच्या मुली आणि सत्तरीचे म्हातारे दोघेही यात उतरतात. लहानपणी आमच्याकडे संध्याकाळी गुरं वळवणारा गडी होता, तो एका हाकेवर उधळलेली कालवड परत आणायचा. त्याला हे दाखवायला हवं होतं असं दर वेळी वाटतं.

रोडिओ संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात असला तर जेवून जा आणि स्वेटर न्या. नियम सोपे आहेत. उधळणाऱ्या घोड्यावर किंवा वळूवर आठ सेकंद बसायचं, धरायचं एकाच हाताने, दुसरा हात कशालाही लागला की बाद. गुण शंभरपैकी, निम्मे स्वाराचे, निम्मे जनावराचे. म्हणून कोणीतरी मस्तवाल वळू वाट्याला आला की स्वार खूश होतो, हे आधी विचित्र वाटतं. बायकांसाठी तीन पिंपांभोवती घोडा फिरवायची शर्यत असते, ती चुकवू नका. वळू सगळ्यांत शेवटी. स्वार पडला की रंगीत कपड्यांतली दोन माणसं वळूच्या तोंडासमोर धावतात. ते विदूषक दिसले तरी काम जिवावरचं आहे; पडलेल्याला उठायला चार सेकंद मिळवून देतात.

हालांचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. सोपं उत्तर माझ्याकडे नाही. उधळायला लावण्यासाठी कमरेला जो पट्टा आवळतात तो गुप्तांगाला बांधतात असा सर्रास समज आहे, तो खोटा आहे. पट्टा पोटाच्या मागच्या भागावर असतो आणि काम झालं की लगेच सोडतात. वळू आणि घोडे मोलाचे असतात, त्यांना वर्षभर नीट ठेवतात. तरीही जनावराला ते नको असतं, म्हणूनच ते उधळतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॅनबेरा ज्या प्रदेशात येतं तिथे रोडिओवर बंदी आहे. मी स्वतः लहान वासराच्या गळ्यात दोर टाकून त्याला पाडायचा प्रकार बघत नाही; तो सुरू झाला की चहा करायला गाडीत येते. बैलगाडा शर्यतींवरून आपल्याकडे किती वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी कायम ठेवली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे तुम्ही ज्या बाजूला होतात, साधारण त्याच बाजूला इथेही असाल. काकूंना नकोच वाटलं तर कॅम्पड्राफ्ट आणि घोड्यांच्या शर्यती बघून यावं. ट्रिप वाया जात नाही.

घोड्यांच्या शर्यती म्हणजे मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स डोळ्यासमोर आणू नका. गवत नाही, मातीची धाव, पांढरा कठडा आणि एक पत्र्याची शेड. घोडे सुटले की समोरच्या बाजूला फक्त धुळीचा लोट दिसतो, समालोचक ओरडत असतो, आणि वळणावरून अचानक सात-आठ घोडे त्यातून बाहेर येतात. एवढ्यासाठी जावं. शर्यत मिनिटभराची, मधला वेळ पाऊण तासाचा. त्या वेळात बायका टोपी आणि कडक इस्त्रीचे झगे घालून धुळीत मिरवतात, कारण वेशभूषेची स्पर्धा असते. गेल्या खेपेला मी नारायणपेठ नेसले होते. बक्षीस नाही मिळालं, पण दिवसभरात निदान वीस जणींनी पदर हातात घेऊन बघितला.

काही गावांत शर्यतीच्या आदल्या रात्री 'कॅलकटा' असते. नाव ऐकून दचकू नका, ते आपलंच कलकत्ता. गोऱ्यांच्या काळातल्या तिथल्या रेसच्या जुगारावरून हे नाव इथवर आलं आणि राहिलं. आधी चिठ्ठ्या काढून घोडे वाटतात, मग पबच्या अंगणात एकेका घोड्याचा लिलाव होतो. खरेदी घोड्याची नसते, त्याच्या जिंकण्याच्या हक्काची असते. जमलेली रक्कम दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन घोड्यांच्या बोलीवाल्यांत वाटली जाते आणि एक हिस्सा गावाच्या कामाला जातो, बऱ्याचदा फ्लाइंग डॉक्टरला. १९२८ मध्ये क्लोनकरीहून सुरू झालेली ती विमानातून येणाऱ्या डॉक्टरांची सेवा नसती तर या स्टेशनांवर बाळंतपणं कशी झाली असती, हे तिथल्या कुठल्याही आजीला विचारा. बोली लावू नका हवं तर, पण बसा. लिलाव पुकारणारा माणूस बहुतेक वेळा रोज खऱ्या गुरांचा लिलाव करणारा असतो, आणि त्याच्या जिभेला हाड नसतं.

लॉराच्या दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर स्प्लिट रॉक नावाच्या कड्याखाली आदिवासींची हजारो वर्षांची चित्रं आहेत. गुरुवारी सकाळी जा. थोडा चढ आहे, काकांनी काठी घ्यावी. रोडिओच्या मैदानावर तुम्हाला पुष्कळ आदिवासी स्वार दिसतील, आणि त्यात नवल काही नाही: या मुलखातली गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच राखली, तीही १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत गोऱ्यांच्या बरोबरीच्या पगाराशिवाय. फोटो काढायचा तर विचारून. आणि लॉरा नदीच्या काठावर पाय धुवायला जाऊ नका. मगरी असतात.

लॉरा जमलं नाही तर ऑगस्टचा दुसरा बेत: टाउन्सव्हिलहून पश्चिमेला सरळ डांबरी रस्ता, सुमारे ७८० किलोमीटरवर क्लोनकरी, आणखी सव्वाशेवर माउंट आयसा. ऑगस्टच्या सुरुवातीला क्लोनकरीचा मेळा, पुढच्या आठवड्यात माउंट आयसाचा १९५९ पासूनचा मोठा रोडिओ. मोठा म्हणजे खरंच मोठा, स्टेडियमसारखा. मला क्लोनकरीच आवडतं. तिकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, रजई हवीच.

त्या वाटेवर एक खबरदारी. रिचमंड, ज्युलिया क्रीक हा सगळा पट्टा काळ्या मातीचा. अगदी आपल्या कृष्णाकाठच्या रानासारखी, सुकली की भेगा, भिजली की खळ. २०१९ च्या फेब्रुवारीत त्या भागात महापूर आला आणि पाच लाखांच्या घरात गुरं मेली असा अंदाज होता. त्याच वर्षी हिवाळ्यात एका शर्यतीत माझ्या शेजारी बसलेली बाई सांगत होती की पाणी ओसरल्यावर तिचा नवरा तीन आठवडे बंदूक घेऊन फिरत होता, अर्धमेल्या जनावरांना सोडवायला. मग ती उठली, ओठांना लिपस्टिक लावलं आणि बुकीकडे गेली. आमच्यावरचा प्रसंग त्यापुढे काहीच नाही: एका रात्री बारा मिलिमीटर पाऊस पडला, सकाळी चाकं निम्मी आत. माझ्या माहेरच्या अनुभवाने मी ह्यांना सांगत होते की ॲक्सिलरेटर दाबू नका. ऐकलं नाही. तीन दिवसांनी ट्रॅक्टर आला. ढग दिसले की त्याच संध्याकाळी गाडी खडीच्या जागेवर आणून ठेवा, कार्यक्रमाची पर्वा न करता.

रविवारी सकाळी निघायची घाई करू नका. सगळं मैदान एकदम रिकामं होतं, रस्त्यावर घोड्यांचे ट्रेलर आणि अर्धवट झोपेतली माणसं असतात, आणि पोलीस फुंकर मारायला लावतात. काकांनी रात्री दोन बिअर घेतल्या असतील तर सकाळीही मर्यादा ओलांडलेली असू शकते. सोमवारी निघा. रविवारी दुपारी गावची पोरं पोती घेऊन डबे गोळा करत फिरतात, कारण क्वीन्सलँडमध्ये रिकाम्या डब्याचे १० सेंट परत मिळतात. तुमचे डबे वेगळ्या पिशवीत जमवून ठेवा. पोरं दारात आली की पिशवी द्या, सोबत मूठभर भडंग. आमच्याकडे ती आता दर वर्षी भडंगासाठीच येतात, पिशवी विसरून जातात.